‘औषधापुरते’ सोडलेल्या दारावर पहारा कोणाचा?

नशेवर बोलायचे म्हटले की आपल्या चळवळीतला वक्ता आधी पाचवे शील काढतो, मग बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा सांगतो आणि शेवटी वस्तीतल्या पोरांना चार शब्द सुनावून खाली बसतो. ते सुनावणे मला मान्य आहे. पण या भाषणात एक माणूस कधीच येत नाही. तो दवाखान्यात टेबलामागे बसलेला असतो, भिंतीवर त्याची पदवी टांगलेली असते आणि त्याच्या सहीशिवाय काही गोळ्या कायद्याने कोणाच्याही हातात पडू शकत नाहीत. तरीही त्या गोळ्या लासलगावात, मनमाडात, मालेगावात पोरांच्या खिशात सापडतात. मग पोरगा आत जातो आणि सहीवाल्याला कोणी विचारत नाही. आज मला त्या सहीबद्दल बोलायचे आहे.

संविधानाचे कलम ४७ आपण दारूबंदीच्या मोर्चात नेहमी हातात धरतो. ते एकदा सावकाश वाचा. त्यात आधी लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे, मग मादक पेये आणि आरोग्याला घातक पदार्थ यांच्यावरच्या बंदीचा विषय येतो. आणि त्या बंदीलाही एक अपवाद आहे, औषधी उपयोगाचा. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा १९८५ चा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, त्याच्या कलम ८ मध्येही हेच आहे: सगळे बंद, फक्त वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणापुरते खुले. बंद भिंतीत हे एकच दार आहे आणि त्याची किल्ली नोंदणीकृत डॉक्टरच्या हातात दिलेली आहे. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला चोरीनंतर पहिला प्रश्न विचारतात, हा साधा व्यवहार आहे. इथे मात्र पहिला आणि शेवटचा प्रश्न खिशात गोळी सापडलेल्यालाच विचारला जातो.

आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव घ्या. तिथली ‘कुत्ता गोळी’ आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नाव भयंकर आहे, गोळी मात्र साधी अल्प्राझोलाम, घबराटीच्या आजारावर आणि झोप लागावी म्हणून डॉक्टर लिहितात ती. छत्रपती संभाजीनगरकडे अशाच झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. बातमी येते तेव्हा ती यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या मुस्लिम पोराची येते, नाहीतर झोपडपट्टीतल्या आपल्या पोराची येते. वाचणाऱ्याच्या मनात त्या समाजाबद्दल जे आधीच असते त्यात भर पडते. पण अल्प्राझोलाम कोणाच्या घरी चुलीवर शिजत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात ती बनते, प्रत्येक स्ट्रिपवर कंपनीचे नाव आणि बॅच नंबर छापलेला असतो. कंपनीकडून घाऊक विक्रेता, तिथून मेडिकल, तिथून चिठ्ठी, अशी सगळी वाट कागदावर असायला हवी. ही औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. २०१४ च्या मार्चपासून मेडिकलवाल्याला त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. कोणत्या डॉक्टरने लिहिले, कोणासाठी लिहिले, किती दिले, हे सारे त्यात लिहायचे आणि ती वही ३ वर्षे जपायची. म्हणजे ज्याला शोधायचे आहे त्याला उलटा माग काढता येतो. अडचण शोधण्याच्या इच्छेची आहे.

आता शिक्षेचा हिशेब बघा. अल्प्राझोलामची ‘अल्प मात्रा’ ५ ग्रॅम आणि ‘व्यापारी मात्रा’ १०० ग्रॅमच्या वर. वाटते की शंभर ग्रॅम म्हणजे मोठा डोंगर असणार, कारण एका गोळीत औषध असते अर्धा मिलिग्रॅम. पण हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की वजन शुद्ध औषधाचे धरायचे नाही, त्यातल्या पिठासकट सगळ्याचे धरायचे. गोळीचे वजन शंभर मिलिग्रॅम धरले तर हजाराहून थोड्या जास्त गोळ्या झाल्या की व्यापारी मात्रा. त्या हजार गोळ्यांत खरे औषध असते अर्धा ग्रॅम. शिक्षा किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. दुसऱ्या बाजूला, चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या विकणाऱ्या मेडिकलवर कारवाई होते ती बहुतेकदा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली: परवाना काही दिवस निलंबित, फार तर कलम २७(ड) चा खटला, १ ते २ वर्षांचा. तो गुन्हाही २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दंड भरून मिटवता येण्याजोगा केला. जनविश्वास! कोणत्या जनांचा विश्वास, ते विचारू नका.

आणि डॉक्टर? इथे मला घरचीच गोष्ट सांगावी लागते.

माझा मावसभाऊ कांद्याच्या खळ्यावर हमाली करायचा. लासलगाव म्हणजे कांद्याची मोठी बाजारपेठ, हे शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे छापून येते. त्या कांद्याची पन्नास किलोची गोणी ट्रकमध्ये कोणाच्या पाठीवरून चढते हे छापून येत नाही. पस्तिशीतच त्याच्या कमरेची गादी सरकली. तालुक्याबाहेरच्या एका डॉक्टरकडे तो जायला लागला. गर्दीचा दवाखाना, हातगुण चांगला असे लोक म्हणत. डॉक्टर तपासायचा, कंपाउंडर खिडकीतून कागदाच्या पुड्या द्यायचा. सकाळची पुडी, रात्रीची पुडी. कोणत्या गोळ्या, काय नाव, काही नाही. पुडीतले औषध घेतले की कंबर दुखायची नाही, रात्री गाढ झोप लागायची आणि भाऊ पुन्हा गोण्या उचलायचा. असे वर्षभर चालले. एका दिवाळीत दवाखाना चार दिवस बंद राहिला तेव्हा घरात कळले. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्याला डोळा नाही. पोरांवर कधी हात न उचलणारा माणूस भांडी फेकायला लागला. पुढे पुडी महाग पडायला लागली, तशी त्याला कोणीतरी स्ट्रिप मिळवून द्यायला लागले. तीन स्ट्रिप घेऊन येताना तो पकडला गेला.

त्याला पहिला प्रश्न विचारला गेला, “चिठ्ठी कुठाय?” चिठ्ठी नव्हती. कधीच नव्हती. मावशी म्हणाली, “साहेब, डॉक्टरनंच लावली सवय.” साहेब म्हणाले, “आजी, पुरावा?” पुरावा म्हणून तिने डब्यातून एक रिकामी पुडी काढून दिली. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा तो. त्यावर काय दिसणार? भाऊ आज जामिनावर आहे, खटला चालू आहे. डॉक्टरचा जबाबसुद्धा झाला नाही.

चिठ्ठी नसल्यामुळे भाऊ आरोपी झाला आणि तीच चिठ्ठी नसल्यामुळे डॉक्टर मोकळा राहिला. दोन्ही परिणाम एकाच गोष्टीचे. आपल्या माणसांना औषध चिठ्ठीवर न मिळता पुडीत मिळते, कारण ते गरीब आहेत, घाईत आहेत, आणि प्रश्न विचारत नाहीत असे धरून चाललेले असते. डॉक्टरने आपल्याच रुग्णाला स्वतः औषध देणे हा गुन्हा नाही, कायद्यात त्याला अटींसह सवलत आहे. पण मन आणि मेंदू यांवर काम करणारे औषध वर्षभर नाव न सांगता पुडीत देणे म्हणजे ती सवलत नव्हे.

आता दुसरे टोक बघा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून महाराष्ट्रात एनडीपीएसचा गुन्हा दाखल झाल्याचे सगळ्यांना आठवणारे एक प्रकरण आहे. ७ सप्टेंबर २०२० रोजी रिया चक्रवर्तीने मुंबईत वांद्रे पोलिसांकडे तक्रार दिली. आरोप असा की अभिनेता सुशांतसिंह राजपूत मुंबईत असताना ८ जून २०२० च्या तारखेची एक चिठ्ठी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातून आली. त्यात तो तिथल्या बाह्यरुग्ण विभागात आल्याचे दाखवले होते आणि लिब्रियमसारखी, म्हणजे एनडीपीएसच्या यादीतली, औषधे लिहिली होती. सुशांतच्या बहिणी आणि डॉ. तरुण कुमार यांच्यावर फसवणूक, बनावट दस्त यांच्या कलमांसोबत एनडीपीएसची कलमेही लागली. बचाव असा होता की कोविडच्या काळात, २५ मार्च २०२० च्या नियमावलीने, फोनवरून औषध लिहायला परवानगी दिली होती. पण त्याच नियमावलीत एनडीपीएसच्या यादीतली औषधे फोनवरून लिहू नयेत असाही सर्वसाधारण नियम होता. मुंबई उच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी एका बहिणीवरचा गुन्हा रद्द केला, दुसरीवरचा रद्द करायला नकार दिला. पुढे तपास सीबीआयकडे होता. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. म्हणजे आरोप सिद्ध झाले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

त्या घरातल्या भांडणाशी मला काही देणेघेणे नाही. मला त्यातली एकच गोष्ट दिसते. तिथे कागद होता. तारीख होती, रुग्णालयाचे नाव होते, डॉक्टरचे नाव होते, निरोपांचे फोनमध्ये ठसे होते. म्हणून गुन्हा नोंदवता आला, उच्च न्यायालयात युक्तिवाद झाला, आणि डॉक्टरलाही आपली बाजू मांडता आली. माझ्या मावशीच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता.

सहीची ताकद उलट दिशेनेही चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखाना पकडला. त्या प्रकरणातला ललित पाटील आधीच्या गुन्ह्यात येरवड्याचा कैदी होता, पण महिनोन्‌महिने पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या कैद्यांच्या वॉर्डात राहिला आणि २ ऑक्टोबरला तिथून पळाला. पुढे येरवडा कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही अटक झाली. आपल्या किती कैद्यांना तुरुंगात साधा दाखला मिळायला महिना लागतो, ते ज्यांनी जामिनाची कामे केली आहेत त्यांना विचारा.

कायद्यात डॉक्टरला धरायची सोयच नाही, असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ऋषीकेशच्या एका वैद्याचे प्रकरण आले होते. तो फेफऱ्याच्या रुग्णांचा मोठा दवाखाना चालवायचा आणि तिथे फेनोबार्बिटोनसारखी औषधे सापडली होती. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ही औषधे नाहीत, म्हणून एनडीपीएस लागत नाही, असे तेव्हा न्यायालयाने धरले. आठ वर्षे ही ढाल अनेकांनी वापरली. २०१४ मध्ये संजीव देशपांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच ती मोडली. औषध त्या अनुसूचीत असो वा नसो, वैद्यकीय कारण खरे नसेल किंवा नियमाची रीत पाळली नसेल तर कलम ८ लागते, असा त्याचा अर्थ. एप्रिल २०२५ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनच्या प्रकरणात न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. म्हणून जो डॉक्टर रुग्ण नसलेल्याला पैसे घेऊन चिठ्ठी लिहितो, तो त्या एकमेव दारातून बाहेर पडला. त्याला कलम २२ लागू शकते. विकणाऱ्याशी त्याचे संगनमत असेल तर कलम २९, ज्यात शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच आहे. कलमे आहेत. ती वापरणारा हात उठत नाही.

इथे आपले काही तरुण लगेच म्हणतील, मग टाका सगळ्या डॉक्टरांना आत. मी याच्या विरोधात आहे, आणि कारण पुन्हा आपलीच माणसे आहेत. १९८५ चा कायदा आला तेव्हा डॉक्टर इतके घाबरले, परवान्यांचे कागद इतके वाढले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. जो देश जगाच्या औषधांसाठी सरकारी देखरेखीखाली अफू पिकवतो, त्या देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगाच्या वेदनांसाठी वर्षाला जेमतेम १८ किलोच्या आसपास मॉर्फिन वापरले जात होते. श्रीमंत मुंबईला जाऊन कुठूनतरी मिळवत असतील. गावातला रुग्ण ओरडत मरत होता. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून परवान्यांचा जाच कमी केला. डॉक्टरला नुसती धाक दाखवणारी मागणी आपण केली, तर त्याची पहिली झळ तोंडाच्या कर्करोगाने तळमळणाऱ्या आपल्याच एखाद्या म्हाताऱ्याला लागेल.

मग रेघ कुठे ओढायची? अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांनी लाखो लोक मेले, तिथे गोळ्यांच्या चिठ्ठ्या विकणारे दवाखाने उभे राहिले आणि डॉक्टरांना वीस-पंचवीस वर्षांच्या शिक्षा झाल्या. २७ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रुआन खटल्यात सांगितले की चिठ्ठी चुकीची होती एवढे पुरेसे नाही. आपण परवानगीबाहेर लिहितो आहोत हे डॉक्टरला माहीत होते किंवा त्याचा तसाच हेतू होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. मला ही रेघ पटते. गेल्या ऑक्टोबरात, २०२५ मध्ये, छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी औषधाने मुले गेली, कित्येक नागपूरला उपचार घेताना गेली, आणि औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. बाटलीत कारखान्याने काय भरले हे डॉक्टरला कळत नाही, हा त्यांचा मुद्दा ऐकून घेण्यासारखा आहे. पण वर्षभर पुडीत काय घालतो हे पुडी बांधणाऱ्याला कळत असतेच.

आणि आता आपल्या कायद्यातली विसंगती. एनडीपीएसचे कलम ३५ म्हणते, आरोपीचे मन दोषी होते असे न्यायालयाने आधीच धरून चालावे, तसे नव्हते हे आरोपीने शंकेपलीकडे सिद्ध करावे. हा नियम माझ्या भावाला लागतो. दुसरीकडे, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये इतरांना ५ वर्षांपर्यंत आणि नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जेकब मॅथ्यू खटल्यापासून, २००५ पासून, डॉक्टरवर फौजदारी गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे लागते. डॉक्टरला ही काळजी मिळते याचा मला राग नाही. हमालाला तिचा शंभरावा भागही मिळत नाही, याचा आहे. माझी मागणी डॉक्टरला कलम ३५ ची फळी मारण्याची नाही. हेतू सिद्ध करण्याचे ओझे दोघांच्याही बाबतीत सरकारने उचलावे, आणि तपास दोघांकडेही जावा.

तोवर काय करायचे, यावर थोडे. चिठ्ठी मागणे हा आपला हक्क आहे. नियमाप्रमाणे तिच्यावर तारीख, सही, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण हवे, आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही. पोरगा थोड्या गोळ्यांसह सापडला तर त्याच्या वकिलाला दोन गोष्टींची आठवण द्या. एक, नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या वाजवी औषधी गरजेपुरत्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांच्या १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवायला मुभा आहे. दोन, कलम ६४-अ. व्यसनी माणूस अल्प मात्रेच्या गुन्ह्यात असेल आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन तो पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. किती पोरांना आणि किती वकिलांना हे कोणी सांगितले? माझ्या भावालाही कोणी सांगितले नव्हते. आता तो उपचार घेतो आहे आणि तसा अर्ज दिला आहे.

तक्रार करताना फक्त ‘अमुक पोरगा विकतो’ अशी करू नका. स्ट्रिपचा बॅच नंबर लिहा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाला विचारा की हा बॅच आपल्या भागात कोणत्या मेडिकलला आला आणि त्या मेडिकलच्या एच-१ वहीत कोणत्या डॉक्टरचे नाव आहे. डॉक्टर ॲलोपॅथीचा असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा असेल तर त्यांच्या परिषदा आहेत. प्रत्येक वेळी तक्रारीची पोच घ्या. बोगस डॉक्टर पकडला की फोटो छापून येतो. पदवीवाल्याच्या वहीपर्यंत पोचायला मात्र आपल्यालाच अर्ज करत राहावे लागेल.

येत्या १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर आपण जमतोच. लासलगावची आमची मंडळी तिथे एक टेबल मांडणार आहेत, अर्ज लिहून द्यायला. ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी चिठ्ठी असेल तर चिठ्ठी आणावी. नसेल तर रिकामी स्ट्रिप आणावी, फक्त बॅच नंबर असलेली कड फाडू नये.

जय भीम.